लिनक्सला बसवलेली सगळी रॅम का दिसत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॅम वाढवली, मशीन सुरूही झालं, पण लिनक्स पूर्ण आकडा दाखवत नाही. ही तक्रार वरून एकच वाटते, पण तिची कारणं डझनभर आहेत. त्यातली निम्मी तरी कर्नलच्या (लिनक्सचा गाभा, जो रॅम आणि हार्डवेअर सांभाळतो) सेटिंगशी संबंधित नसतात. म्हणून कर्नलला हात लावण्याआधी पहिला प्रश्न वाचा. बाकीचे प्रश्न गरजेप्रमाणे वाचले तरी चालतील.

वाचताना एक लक्षात ठेवा. इथे सगळ्या कमांड, फायलींची नावं आणि पर्याय देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या.

१. माझ्या मशीनमध्ये नेमकी किती रॅम आहे आणि त्यातली लिनक्सला किती मिळते, हे कसं बघू?

तीन आकडे काढा आणि कागदावर एकाखाली एक लिहा.

पहिला आकडा मदरबोर्डचा. 'सुडो डीएमआयडीकोड -टी मेमरी' ही कमांड दिली की प्रत्येक स्लॉटमध्ये किती जीबीची स्टिक आहे ते दिसतं. स्लॉट रिकामा असेल तर तसंही लिहिलेलं असतं. याच कमांडमध्ये बोर्डाची कमाल क्षमताही येते. पण ती बायोस (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) बनवणाऱ्याने भरलेली असते आणि अनेकदा चुकीची निघते, तिच्यावर फार विसंबू नका.

दुसरा आकडा बायोसने कर्नलला दिलेल्या नकाशाचा. 'सुडो डीमेसेज' च्या अगदी सुरुवातीला 'बायोस-ई८२०' ने सुरू होणाऱ्या ओळी असतात. प्रत्येक ओळीत पत्त्यांचा एक पट्टा असतो आणि शेवटी 'युजेबल' किंवा 'रिझर्व्ह्ड' असा शेरा. कर्नल फक्त 'युजेबल' पट्टे वापरतो. यूईएफआय (बायोसची जागा घेणारा नवा प्रकार) असलेल्या मशीनवरही या ओळी अशाच दिसतात.

तिसरा आकडा 'फ्री -एच' चा, म्हणजेच '/प्रॉक/मेमइन्फो' मधल्या 'मेमटोटल' चा. प्रोग्रॅमना वाटायला शेवटी कर्नलच्या हातात किती उरलं, ते हा आकडा सांगतो.

आता आकडा कुठे घसरला ते पाहा. पहिलाच कमी असेल तर दोष स्टिक, स्लॉट किंवा बोर्डाचा आहे (प्रश्न १२). पहिला पूर्ण आणि दुसरा कमी असेल तर बायोसची सेटिंग किंवा चिपसेटची, म्हणजे बोर्डावरच्या नियंत्रक चिपची, मर्यादा (प्रश्न ३ आणि १३). दुसरा पूर्ण आणि तिसरा कमी असेल, तरच कर्नलकडे वळायचं (प्रश्न ४ पासून पुढे).

२. ८ जीबीची स्टिक घेतली, पण 'फ्री' मध्ये ७.६ दिसतं. दुकानदाराने फसवलं का?

नाही. स्टिक पूर्ण ८ जीबीचीच आहे.

कर्नल रॅमचे ४०९६ बाइटचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यासाठी ६४ बाइटची एक नोंद ठेवतो. ८ जीबीसाठी अशा नोंदी वीस लाखांहून अधिक होतात आणि त्यांनाच १२८ एमबी लागतात. हा खर्च सुमारे दीड टक्का असतो आणि रॅमबरोबर वाढत जातो. ६४ जीबीच्या सर्व्हरवर तो १ जीबी होतो. त्याशिवाय कर्नलचा स्वतःचा कोड आणि बायोसने राखलेले पट्टे आहेत. ग्राफिक्स चिप प्रोसेसरमध्येच असेल तर तिचा वाटाही यातूनच जातो (प्रश्न १३).

एककांचाही घोळ असतो. 'फ्री -एच' १०२४ च्या पटीत मोजतं, काही डेस्कटॉपवरचे सिस्टिम मॉनिटर १००० च्या पटीत मोजतात. त्यामुळे तीच मेमरी एकीकडे ७.६ आणि दुसरीकडे ८.२ दिसते. दोन आकड्यांची तुलना करायची तर दोन्ही एकाच कमांडमधून घ्या.

३. ४ जीबी बसवली तरी ३.२ किंवा ३.५ च दिसते. असं का?

मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. उत्तर थोडं सविस्तर देतो, कारण पुढचे बरेच प्रश्न यावरच उभे आहेत.

प्रोसेसर रॅमला पत्त्यांनी ओळखतो. ३२ बिटांत लिहिता येणारे पत्ते ४,२९,४९,६७,२९६ इतकेच, म्हणजे बरोबर ४ जीबी. पण हे सगळे पत्ते रॅमच्या वाट्याला येत नाहीत. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, बायोसची चिप, इंटरप्ट कंट्रोलर या सगळ्यांशी प्रोसेसर याच पत्त्यांवरून बोलतो आणि त्यांच्या जागा ४ जीबीच्या रेषेखालच्या शेवटच्या टप्प्यात असतात. सोसायटीत वरच्या मजल्यावरचे काही नंबर लिफ्टची खोली आणि पाण्याची टाकी यांना देऊन टाकावेत, आणि त्या नंबरांचे फ्लॅट बांधलेले असूनही त्यांना पत्ताच राहू नये, तसं हे होतं. रॅम आहे, पण तिच्यापर्यंत पोचता येत नाही.

यावर उपाय असा की मदरबोर्डाने ती झाकली गेलेली रॅम उचलून ४ जीबीच्या रेषेच्या वर नवे पत्ते द्यायचे. बायोसमध्ये याला 'मेमरी रिमॅप' किंवा 'मेमरी होल रिमॅपिंग' अशा नावाची सेटिंग असते. ती चालू करा. आजच्या बोर्डांवर हे आपोआप होतं, जुन्या बोर्डांवर बंद असलेली मी पाहिली आहे.

हे झाल्याचं डीमेसेजमध्ये डोळ्यांनी दिसतं. षोडशमान पद्धतीत (सोळाच्या पटीत मोजताना) ४ जीबीची रेषा म्हणजे एकावर आठ शून्यं. ८ जीबीच्या एका मशीनवर शेवटची 'युजेबल' ओळ याच आकड्यावर सुरू होऊन '०एक्स२२एफएफएफएफएफएफएफ' वर संपत होती. त्या पट्ट्याची लांबी ४.७५ जीबी. रेषेखाली ३.२५ जीबी होती. बेरीज बरोबर ८. अशी ओळ तुमच्याकडे असेल तर बोर्डाने आपलं काम चोख केलं आहे, आणि पुढची जबाबदारी कर्नलची. ३२ बिटांत अडकलेला कर्नल ही ओळ वाचतो, पण रेषेपलीकडची मेमरी सोडून देतो. प्रश्न ४ ते ७ त्यासाठी आहेत.

अशी ओळच नसेल आणि बोर्डावर इंटेलचा ९४५ मालिकेतला चिपसेट असेल, तर मात्र थांबा. या चिपसेटला ४ जीबीच्या वर पत्ते देताच येत नाहीत. ६४ बिटचा प्रोसेसर बसवा, ६४ बिटचं लिनक्स टाका, आकडा सव्वातीन जीबीच्या आसपासच राहणार. हे न कळल्यामुळे लोकांनी दोन-दोन दिवस कर्नल कंपाइल करण्यात (मूळ कोडपासून नव्याने तयार करण्यात) घालवलेले मी पाहिले आहेत.

४. माझा कर्नल ३२ बिट आहे की ६४? आणि प्रोसेसरला ६४ झेपेल का?

'युनेम -एम' द्या. 'एक्स८६_६४' आलं तर कर्नल ६४ बिट. 'आय६८६' आलं तर ३२ बिट.

प्रोसेसरसाठी 'एलएससीपीयू' द्या आणि 'ऑप-मोड' ची ओळ पाहा. तिथे ३२ आणि ६४ दोन्ही लिहिलेलं असेल तर प्रोसेसर ६४ बिट चालवू शकतो. किंवा '/प्रॉक/सीपीयूइन्फो' मधल्या फ्लॅगमध्ये (प्रोसेसरच्या क्षमतांच्या यादीत) 'एलएम' शोधा. एएमडीने २००३ मध्ये ऑप्टेरॉन आणला तेव्हापासून ही क्षमता येऊ लागली. गेल्या दहा-पंधरा वर्षांत घेतलेल्या बहुतेक डेस्कटॉप आणि लॅपटॉपमध्ये ती असतेच.

प्रोसेसर ६४ आणि कर्नल ३२ असेल तर तुमचं कारण सापडलं. थेट प्रश्न ५ वर जा.

५. प्रोसेसर ६४ बिट आहे, पण सिस्टिम ३२ बिट बसली आहे. सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल का?

स्वच्छ मार्ग तोच: डेटाचा बॅकअप घ्या आणि ६४ बिटची सिस्टिम नव्याने बसवा. वेळ असेल तर हाच मार्ग धरा.

वेळ नसेल तर डेबियनवर (ही लिनक्सची एक डिस्ट्रो, म्हणजे तयार संच) एक मधली वाट आहे. प्रोग्रॅम ३२ बिटच ठेवायचे, फक्त कर्नल ६४ बिटचा आणायचा. 'डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर एएमडी६४' द्या, मग 'ॲप्ट अपडेट', मग 'ॲप्ट इन्स्टॉल लिनक्स-इमेज-एएमडी६४:एएमडी६४'. मशीन रीस्टार्ट केलं की सगळी रॅम दिसू लागते. 'एएमडी६४' हे नाव पाहून बिचकू नका, इंटेलच्या प्रोसेसरलाही हेच लागतं.

एक फायदा पदरात पडतो. ३२ बिट कर्नलखाली एका प्रोग्रॅमला ३ जीबीपर्यंतच पत्ते मिळतात, ६४ बिट कर्नलखाली त्याच जुन्या ३२ बिट प्रोग्रॅमला जवळजवळ पूर्ण ४ जीबी मिळतात. पण बाहेरून बसवलेला ग्राफिक्स किंवा वायफायचा ड्रायव्हर असेल तर ही वाट कटकटीची होते, कारण तो ६४ बिट कर्नलसाठी नव्याने तयार करावा लागतो. आणि हे केल्यावर 'युनेम -एम' ६४ दाखवेल, 'डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर' मात्र ३२ च सांगेल. तसंच अपेक्षित आहे.

६. प्रोसेसर खरोखरच ३२ बिट आहे. मग ४ जीबीच्या वर जायचा मार्ग नाही का?

आहे, त्याचं नाव पीएई. १९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये तो पहिल्यांदा आला. यात प्रोग्रॅमचे पत्ते ३२ बिटच राहतात, पण रॅमचे पत्ते ३६ बिटांचे होतात. त्यामुळे एकूण ६४ जीबीपर्यंत रॅम ओळखता येते. तुमच्या प्रोसेसरच्या फ्लॅगमध्ये 'पीएई' असेल तर डेबियन १२ पर्यंत 'लिनक्स-इमेज-६८६-पीएई' हे पॅकेज बसवलं की झालं. स्वतः कंपाइल करायची गरज नाही. साध्या '६८६' पॅकेजमध्ये पीएई नसतो. दोन नावं सारखी दिसतात आणि लोक इथेच चुकतात.

पुढचा विचार करून ठेवा. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं आणि त्यात ३२ बिट पीसीसाठी ना इन्स्टॉलर आहे ना कर्नल. मूळ लिनक्स कर्नलमधूनही मे २०२५ च्या ६.१५ आवृत्तीत ३२ बिट एक्स८६ साठीचा ६४ जीबीचा पर्याय काढून टाकला गेला. त्यामुळे अशा मशीनला ४ जीबीच्या वर रॅम द्यायची तर जुन्या आवृत्तीवर राहावं लागेल. मी कुणाला आता अशा मशीनसाठी नवी रॅम विकत घ्या असं सांगणार नाही. घरात पडलेली स्टिक असेल तर जरूर लावा.

७. कर्नल स्वतः कंपाइल करतोय. कोणता पर्याय निवडू?

आधी सध्या काय आहे ते पाहा. '/बूट' मध्ये 'कॉन्फिग-' ने सुरू होणारी, चालू आवृत्तीच्या नावाची फाइल असते. तिच्यात 'हायमेम' (हाय मेमरी, म्हणजे ३२ बिट कर्नलला थेट न पोचता येणारी वरची रॅम) शोधा.

३२ बिट एक्स८६ साठी 'मेक मेनूकॉन्फिग' मध्ये 'प्रोसेसर टाइप अँड फीचर्स' खाली 'हाय मेमरी सपोर्ट' आहे. ६.१५ च्या आधीच्या आवृत्त्यांत त्यात तीन पर्याय मिळतात: बंद, ४ जीबी आणि ६४ जीबी.

'बंद' ठेवलं तर कर्नल ८९६ एमबीच वापरतो, मशीनमध्ये कितीही रॅम असो (कारण प्रश्न ८ मध्ये). '४ जीबी' निवडलं तर ४ जीबीच्या रेषेखालची रॅम मिळते. आता गोम पाहा. मशीनमध्ये बरोबर ४ जीबी असेल तर '४ जीबी' हाच पर्याय योग्य वाटतो, पण प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे त्यातली अर्धा-पाऊण जीबी रेषेच्या वर सरकवलेली असते. म्हणजे बसवलेल्या ४ जीबीसाठीही '६४ जीबी' चा पर्याय लागतो. त्या पर्यायाने पीएई आपोआप चालू होतो, आणि ज्या प्रोसेसरमध्ये पीएई नाही त्यावर तो कर्नल बूटच होत नाही. फ्लॅग तपासल्याशिवाय निवडू नका.

६४ बिट कर्नलसाठी असा कोणताही पर्याय नाही, हायमेमचा प्रश्नच संपतो. साध्या रचनेत ६४ टीबी रॅम ओळखता येते, आणि प्रोसेसरमध्ये पाच पातळ्यांचं पेजिंग (पत्ते शोधण्याची पद्धत) असेल तर त्याहूनही पुष्कळ जास्त.

निवड झाली की नेहमीप्रमाणे 'मेक', 'मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल', 'मेक इन्स्टॉल', आणि ग्रब (मशीन सुरू होताना कर्नल निवडून चालवणारा प्रोग्रॅम) अपडेट. जुना कर्नल काढू नका. नवा चालला नाही तर ग्रबच्या मेनूतून जुन्यात परत येता आलं पाहिजे.

८. जुन्या मशीनमध्ये १ जीबी आहे आणि ८८० एमबीच्या आसपास दिसते. बाकी कुठे?

३२ बिट लिनक्स ४ जीबी पत्त्यांपैकी ३ जीबी प्रोग्रॅमला देतं आणि १ जीबी स्वतःकडे ठेवतं. त्या १ जीबीतले १२८ एमबी ड्रायव्हर वगैरेंच्या बदलत्या कामांसाठी राखलेले असतात. उरलेल्या ८९६ एमबी पत्त्यांवर कर्नल जेवढी रॅम थेट बसवू शकतो, तेवढीच हायमेमशिवाय वापरता येते.

'हाय मेमरी सपोर्ट' ४ जीबीवर ठेवा, पूर्ण १ जीबी मिळेल. दुसरा उपाय म्हणजे 'मेमरी स्प्लिट' मध्ये 'पूर्ण १ जीबी लो मेमरी' वाला पर्याय. नेमक्या १ जीबीच्या मशीनवर मला तो जास्त आवडतो, कारण हायमेमची ये-जा टळते. पण तो पीएईबरोबर चालत नाही.

९. पेंटियम एमचा लॅपटॉप आहे. इन्स्टॉलर म्हणतो पीएई नाही. खरंच नाही का?

बऱ्याचदा असतो, फक्त प्रोसेसर तो जाहीर करत नाही. बूट करताना कर्नलला सूचना देणाऱ्या ओळीत 'फोर्सपीएई' हा शब्द जोडा. कर्नल इशारा देईल आणि स्वतःवर तशी खूण ठेवेल, पण लॅपटॉप बहुधा नीट चालेल. यामुळे रॅमचा आकडा मात्र वाढणार नाही. फायदा एवढाच की ज्या डिस्ट्रोने पीएई सक्तीचा केला आहे ती बसवता येते.

१०. पीएई कर्नलवर १६ जीबी दिसते, 'फ्री' मध्ये ९ जीबी मोकळी आहे, तरी प्रोग्रॅम आपोआप मारले जातात. हे कसं?

हा प्रश्न अवघड आहे आणि विचारणारा नेहमी हैराण झालेला असतो, कारण आकडे त्याच्या बाजूने असतात.

'फ्री -एल' द्या. 'लो' आणि 'हाय' अशा दोन ओळी वेगळ्या दिसतील. मोकळी असलेली ९ जीबी बहुतेक सगळी 'हाय' मध्ये असेल आणि 'लो' तळाला गेलेली असेल. कर्नलची स्वतःची कामं, म्हणजे फायलींच्या नोंदी, नेटवर्कचे बफर, प्रोसेसची माहिती, ही सगळी प्रश्न ८ मधल्या त्याच ८९६ एमबीत व्हावी लागतात. रॅम १६ जीबी केली म्हणून ही जागा वाढत नाही. उलट आकसते. प्रश्न २ मधल्या नोंदी ३२ बिटवर ३२-३२ बाइटच्या धरल्या तरी १६ जीबीसाठी १२८ एमबी जातात, ६४ जीबीसाठी ५१२ एमबी. जास्त रॅम टाकल्याने मशीन लवकर गुदमरतं, ते यामुळे.

खरा उपाय ६४ बिट कर्नल. प्रोसेसर ६४ चालवत असेल तर प्रश्न ५ ची वाट आजच धरा. चालवत नसेल तर ८ जीबीच्या वर जाऊ नका.

११. बूट पॅरामीटरमध्ये 'मेम=८जी' लिहिलं की ८ जीबी दिसेल, असं वाचलं. लिहू का?

नको. आजच्या मशीनवर 'मेम=' ही वरची मर्यादा आहे, ती रॅम कमी करते, वाढवत नाही.

हा सल्ला आला कुठून, तेही सांगतो. नव्वदच्या दशकात बायोसला रॅम विचारायची जी जुनी पद्धत होती, तिचं उत्तर सोळा बिटांत किलोबाइटमध्ये येई. म्हणजे जेमतेम ६४ एमबीपर्यंतच सांगता येई. १२८ एमबी बसवणाऱ्यांना लिलोच्या (ग्रबसारखाच जुना प्रोग्रॅम) फाइलमध्ये हाताने 'मेम=१२८एम' लिहावं लागायचं, आणि तेव्हा तो सल्ला अगदी बरोबर होता. ई८२० चा नकाशा आल्यावर त्याची गरज संपली. सल्ला मात्र एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला.

उलटी तपासणी जरूर करा. 'कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन' देऊन तिथे कुणी 'मेम=' लिहून ठेवलंय का ते बघा. एका शाळेच्या संगणक कक्षात १२ मशीनमध्ये नव्या स्टिक टाकल्या. सगळी मशीन २ जीबीवर अडकली होती. मी दुपारभर स्टिक काढून घालत बसलो, एकीचा स्लॉटही बदलला. संध्याकाळी ही एक ओळ पाहिली तर सगळ्यांवर 'मेम=२जी'. कधीतरी कुणी चाचणीसाठी लिहिलं होतं आणि तीच डिस्क सगळीकडे कॉपी झाली होती. '/इटीसी/डिफॉल्ट/ग्रब' मधून शब्द काढला, 'अपडेट-ग्रब' दिलं, काम झालं. तेव्हापासून मी ही ओळ सगळ्यात आधी बघतो.

१२. बायोसलाच दुसरी स्टिक दिसत नाही. लिनक्समध्ये काय करू?

लिनक्समध्ये काहीच नाही. प्लग काढा, लॅपटॉप असेल तर बॅटरीही काढा, आणि स्टिक काढून पुन्हा दाबून बसवा, दोन्ही बाजूंचे खटके वाजेपर्यंत. कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत सोनेरी संपर्कांवर मळकट थर जमतो, तो खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि रबराचे कण झाडून टाका. मग एकेक स्टिक एकेका स्लॉटमध्ये लावून पाहा. स्टिक बदलली तरी एकच स्लॉट मुका राहत असेल तर प्रोसेसर काढून सॉकेटमधली एखादी पिन वाकली आहे का ते भिंगातून पाहा. पूर्ण चॅनल गायब होण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा कुठूनही जुनी रॅम घेताना बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर कमाल क्षमता आणि प्रत्येक स्लॉटची मर्यादा पाहून मगच पैसे द्या. सर्व्हरच्या स्टिक साध्या डेस्कटॉपला चालतीलच असं नाही.

सर्व्हरवर आणखी दोन गोष्टी. दोन प्रोसेसरच्या बोर्डावर एकच प्रोसेसर बसवला असेल तर दुसऱ्याच्या बाजूचे स्लॉट बंदच असतात, त्यांत टाकलेली रॅम कुणालाच दिसत नाही. आणि बायोसमध्ये 'मिररिंग' चालू असेल तर १२८ ची ६४ दिसणं बरोबर आहे, कारण प्रत्येक गोष्ट दोनदा ठेवली जाते.

१३. बायोस पूर्ण रॅम दाखवतो, पण डीमेसेजच्या नकाशातच कमी आहे. काय तपासू?

आधी ग्राफिक्स. बायोसमध्ये 'यूएमए फ्रेम बफर' किंवा 'डीव्हीएमटी' अशा नावाची सेटिंग असते. तिथे २ जीबी ठेवलेलं असेल तर तेवढी रॅम कर्नलला कधीच मिळणार नाही. खेळ खेळत नसाल तर ती कमी करा.

मग डीमेसेजमध्ये 'एमटीआरआर' (रॅमचा कोणता भाग कॅशमधून वापरायचा ते सांगणारी प्रोसेसरमधली नोंद) शोधा. 'बायोस बग: सीपीयू एमटीआरआर डोन्ट कव्हर ऑल ऑफ मेमरी' असा इशारा आणि त्यापुढे किती एमबी गमावले तो आकडा दिसला, तर बायोसने रॅमच्या काही भागाला कॅशची परवानगीच दिलेली नाही. कर्नल तो भाग मुद्दाम सोडतो, कारण वापरला तर मशीन गोगलगायीसारखं चालेल. पहिला उपाय बायोस अपडेट. तो मिळत नसेल तर बूटच्या ओळीत 'एनेबल_एमटीआरआर_क्लीनअप' घालून पाहा. 'डिसेबल_एमटीआरआर_ट्रिम' ने आकडा पूर्ण दिसेल, पण वेग पडू शकतो. मी तो वापरत नाही.

१४. सर्व्हरवर बायोसचा नकाशा पूर्ण आहे, तरी 'फ्री' मध्ये काहीशे एमबी कमी आहेत. कुणी घेतले?

'/प्रॉक/सीएमडीलाइन' मध्ये 'क्रॅशकर्नल=' पाहा. कर्नल कोसळला तर त्याचा पंचनामा करणाऱ्या दुसऱ्या छोट्या कर्नलसाठी ती जागा बाजूला काढलेली असते. महत्त्वाच्या सर्व्हरवर ती राहू द्या.

'ह्यूजपेजेस' (आधीच राखून ठेवलेले रॅमचे मोठे तुकडे) ची गोष्ट वेगळी. त्यांनी एकूण आकडा कमी होत नाही, पण 'वापरलेली' रॅम एकदम फुगते. डेटाबेसच्या सर्व्हरवर हे फार दिसतं.

१५. व्हर्च्युअल मशीनला चालू असताना ४ जीबी वाढवले, आत काहीच बदललं नाही.

'एलएसमेम' द्या. नवे ब्लॉक 'ऑफलाइन' दिसत असतील तर रॅम पोचली आहे, फक्त वापरात घ्यायची राहिली आहे. 'चमेम -ई ४जी' दिलं की होईल. दरवेळी आपोआप व्हावं असं वाटत असेल तर बूटच्या ओळीत 'मेमएचपी_डिफॉल्ट_स्टेट=ऑनलाइन' जोडा. ब्लॉकच दिसत नसतील तर कर्नलमध्ये 'मेमरी_हॉटप्लग' चालू आहे का ते प्रश्न ७ मध्ये सांगितलेल्या फाइलमध्ये बघा. उलट, आकडा आपोआप कमी होत असेल तर यजमान मशीन बलून ड्रायव्हरमार्फत रॅम परत घेतंय.

१६. रास्पबेरी पाय ४ ची ४ जीबी असून ३ च दिसते.

'कॉन्फिग.टीएक्सटी' मध्ये 'टोटल_मेम=३०७२' ही ओळ आहे का पाहा. उबुंटू १९.१० च्या ६४ बिट आवृत्तीत ४ जीबीच्या पायवर यूएसबी चालत नव्हतं आणि रॅम ३ जीबीवर मर्यादित करणं हा तात्पुरता तोडगा होता. दोष दुरुस्त झाला, ओळ अनेकांच्या कार्डावर राहिली. ती काढून टाका.

मे २०२० मध्ये आलेल्या ८ जीबीच्या पायवर ३२ बिट कर्नलही सगळी रॅम पाहतो, पण एका प्रोग्रॅमला ३ जीबीच मिळते.

१७. एका स्टिकचा बारीकसा भाग खराब आहे. तेवढाच टाळता येईल का?

येतो. मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा आणि चुका आलेले पत्ते टिपून घ्या. मग बूटच्या ओळीत 'मेममॅप=६४के$' आणि पुढे तो पत्ता लिहा, कर्नल ते ६४ केबी सोडून देईल. ग्रबच्या फाइलमध्ये डॉलरच्या चिन्हाआधी तीन उलट्या तिरप्या रेघा द्याव्या लागतात, नाहीतर ग्रब ते चिन्ह गिळून टाकतं आणि अर्थच बदलतो. बदल केल्यावर '/प्रॉक/सीएमडीलाइन' मध्ये ओळ जशीच्या तशी पोचली ना, हे पाहा. चुकांचे पत्ते दर वेळी वेगळे येत असतील तर मात्र हा उपाय करू नका, स्टिक बदला.

१८. त्याच मशीनवर विंडोजमध्येही कमी दिसते. तिथेही कर्नलची सेटिंग आहे का?

३२ बिट विंडोज ७ किंवा १० ची मर्यादा ४ जीबी आहे आणि ती परवान्यातच आहे. विंडोज ७ च्या ६४ बिट आवृत्त्यांतही होम बेसिकला ८ आणि होम प्रीमियमला १६ जीबीची मर्यादा आहे. 'एमएसकॉन्फिग' च्या बूट टॅबमध्ये 'मॅक्सिमम मेमरी' वर खूण असेल तर ती काढा, प्रश्न ११ मधल्या 'मेम=' चाच तो भाऊ आहे. दोन्ही सिस्टिममध्ये आकडा एकाच जागी अडकत असेल तर प्रश्न ३ आणि १२ पुन्हा वाचा.

१९. सगळं करून पाहिलं. मदत मागताना काय काय पाठवू?

प्रश्न १ चे तीन आकडे. त्यांसोबत 'युनेम -ए', '/प्रॉक/सीएमडीलाइन', डीमेसेजच्या पहिल्या दोनशे ओळी, आणि बोर्डाचं नाव व बायोसची आवृत्ती. हे सगळं मजकूर म्हणून पाठवा. मोबाइलवरून काढलेल्या स्क्रीनच्या तिरक्या फोटोत सोळा अंकी पत्ते वाचता येत नाहीत, आणि त्यातला एक अंक चुकला तरी उत्तर चुकतं. डीएमआयडीकोडच्या मजकुरात स्टिक आणि मशीनचे सिरियल नंबर असतात, ते पाठवण्याआधी खोडा.